अंगण खरोखरच वांकडें असलें तर?

"नाचतां येईना, अंगण वांकडें" ही म्हण लहानपणापासून आपल्या कानांवर इतक्या वेळां पडलेली असते कीं, एखादें अंगण खरोखरच वांकडें असूं शकेल ही शंकाहि आपल्या मनास शिवत नाहीं. पोळी करपली तर दोष तव्याचा नव्हे, करणारणीचा. हिशेब चुकला तर दोष मापाचा नव्हे, मोजणाराचा. असें आपण गृहीत धरून चालतों. त्यांतून काम करणारा मनुष्य वयानें मोठा असला म्हणजे तर निकाल अधिकच झटपट लागतो. "वय झालें आतां" एवढ्या तीन शब्दांत सारी चौकशी आटोपते. आणि विशेष हें कीं, पुष्कळ वेळां ती वडील व्यक्ति स्वतःच स्वतःवर हा निकाल देऊन मोकळी होते. आमच्या घरांत नुकतीच एक गोष्ट घडली, तिच्यामुळें या म्हणीचा नव्यानें विचार करावा असें आम्हांस वाटूं लागलें आहे. गोष्ट कॅमेऱ्याची आहे. परंतु ज्यांना कॅमेऱ्याशीं कांहीं कर्तव्य नाहीं अशा वाचकांनींहि ती ऐकावी अशी विनंति आहे.

आमचें घर बुलढाणें जिल्ह्यांतील मेहकरचें. घरांत आजीपासून पाळण्यांतल्या मुलापर्यंत लहानमोठीं चौदा माणसें. आमचे थोरले काका आज बहात्तर वर्षांचे आहेत. तरुणपणीं नोकरी लागल्यावर पगारांतून थोडें थोडें बाजूस टाकून त्यांनीं फिल्मचा एक कॅमेरा घेतला व त्याबरोबर पन्नास मिलिमीटरचें एक भिंग घेतलें. तेव्हांपासून घरांतील मुंजी, लग्नें, डोहाळजेवणें आणि दर दिवाळीच्या पाडव्यास ओसरीच्या पायऱ्यांवर बसवून काढावयाचा सर्व मंडळींचा फोटो, हें सारें त्यांच्याच हातचें. सवड झाली कीं ते लोणारास जात. उल्केच्या आघातानें काळ्या खडकांत पडलेलें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें तें विवर पाहण्यास लोक दूरदेशाहून येतात. परंतु काकांचा ओढा विवरापेक्षां गांवांतील दैत्यसूदनाच्या मंदिराकडे अधिक. आंतल्या अंधुक उजेडांत तेथील कोरीव काम टिपणें हा त्यांचा जन्मभराचा छंद. तेथें तिकटी लावावयाची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी लागते. म्हणून कॅमेरा हातांतच धरून, भिंगाचें तोंड पूर्ण उघडें ठेवून, श्वास रोखून चित्र घ्यावयाचें, ही त्यांची रीत.

पुढें फिल्म मिळणें आणि ती चांगली धुवून घेणें हीं दोन्ही कामें आमच्याकडे कठीण झालीं. तेव्हां घरांतील मुलांनीं वर्गणी करून काकांना एक डिजिटल कॅमेरा आणून दिला. आंत आरसा असलेल्या जातीचा, वापरलेला, पण उत्तम स्थितींतला. जुनें भिंग त्यावर बसत होतें, हें काकांना सर्वांत अधिक आवडलें. परंतु त्या दिवसापासून त्यांच्या हाताचें यश जणूं गेलें. डोळ्यांवर फोकस धरावा तों कान स्पष्ट यावा. मूर्तीचा चेहरा साधावा तों मागची प्रभावळ रेखीव आणि चेहरा धुरकट. दहा चित्रांत तीन बरीं, सात वायां. इकडे त्याच कॅमेऱ्यावर स्वयंचलित भिंग लावून घरांतलीं पोरें धडाधड फोटो काढीत आणि ते लख्ख येत.

यांत काकांना सर्वांत लागलें तें आजीच्या फोटोचें. आजीला त्र्याण्णवावें वर्ष चालू आहे. तिचें एक मनासारखें चित्र आपल्या हातून व्हावें, अशी काकांची इच्छा होती. मागच्या ओसरीवर, सकाळच्या कोंवळ्या उजेडांत, तुळशीकडे तोंड करून तिला बसवून त्यांनीं तीनदां प्रयत्न केला. तिसऱ्या खेपेस पदराची जर धाग्याधाग्यासकट उमटली आणि डोळे मात्र धुक्यांत राहिले. काकांनीं कॅमेरा पुसला, पिशवींत घातला आणि कपाटांत ठेवून दिला. "अरे, माझेच डोळे गेले. यंदा पाडव्याचा फोटो मुलांना काढूं दे," एवढेंच ते बोलले. एक यंत्र कपाटांत गेलें, याचें वाईट कोणासच वाटलें नसतें. परंतु जन्मभर केलेल्या कामावरून एक मनुष्य आपण होऊन उठला, ही गोष्ट साधी नव्हती.

आम्हांस मात्र या निकालाचा उलगडा होईना. काकांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वीं झालेल्या, आणि दृष्टि चांगली असल्याचा डॉक्टरांचा निर्वाळा मिळालेला. पंचांगांतील बारीक अक्षर तेच वाचतात. आजीची सुईहि तेच ओवून देतात. सुईचें नेढें ज्याला दिसतें त्याला माणसाचा डोळा दिसूं नये, हें कसें? म्हणून आम्हीं कॅमेऱ्याच्या पोटांत काय चालतें याची थोडी चौकशी आरंभिली.

आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत भिंगांतून आलेला प्रकाश प्रथम तिरक्या आरशावर पडतो आणि तेथून वर वळून एका लहानशा धुरकट कांचेवर चित्र उमटवितो. हिला फोकसिंग स्क्रीन म्हणतात. आपण तिला पडदा म्हणूं. डोळा लावून आपण जें पाहतों तें या पडद्यावरचें चित्र होय. कळ दाबतांच आरसा उचलला जातो आणि तोच प्रकाश सरळ मागें जाऊन फिल्मवर, किंवा हल्लीं सेन्सरवर, पडतो. म्हणजे भिंगापासून आरशावरून पडद्यापर्यंतचें अंतर आणि भिंगापासून सरळ सेन्सरपर्यंतचें अंतर, हीं दोन्ही तंतोतंत सारखीं असलीं पाहिजेत. हातानें फोकस करणाराचा सर्व विश्वास या एका समानतेवर उभा आहे.

ही समानता किती नाजूक आहे पाहा. साधा लिहिण्याचा कागद सुमारें एक दशांश मिलिमीटर जाड असतो. एवढ्याच जाडीचा फरक या दोन अंतरांत पडला, तर पन्नास मिलिमीटरच्या भिंगानें एक मीटरवरील मनुष्याचें चित्र घेतांना फोकस साडेतीन ते चार सेंटिमीटर पुढें किंवा मागें सरकतो. आणि भिंगाचें तोंड एफ १.४ इतकें उघडें असलें म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा सगळा मिळून तीनच सेंटिमीटरांच्या आसपास असतो. म्हणजे एका कागदाच्या जाडीपायीं डोळ्यांऐवजीं नाकाचा शेंडा रेखीव येणें शक्य आहे. पाहणारानें पडद्यावर अगदीं अचूक फोकस केला तरी चित्र चुकणारच.

ही अडचण नवी नाहीं. आरशाचे कॅमेरे येण्यापूर्वीं मोठ्या लांकडी कॅमेऱ्याच्या पाठीस घासलेली कांच बसवीत. डोक्यावर काळें कापड घेऊन तिच्यावरचें उलटें चित्र पाहावयाचें, आणि मग त्याच जागीं प्लेट सरकवावयाची. हेन्री कझन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथ १९३१ सालीं निघाला, त्यांत आमचें लोणारहि आहे. त्या पिढीच्या मंडळींस कांचेची जागा आणि प्लेटची जागा एकच आहे कीं नाहीं, हें पाहावेंच लागे. पुढें १९५९ सालीं निघालेल्या निकॉन एफ या कॅमेऱ्यांत हा पडदा काढून दुसऱ्या जातीचा बसविण्याची सोय होती. कोणास साधा धुरकट, कोणास मध्यभागीं दुभंगलेला, असे त्याचे अनेक प्रकार मिळत. पडदा हा कामाप्रमाणें बदलावयाचा जिन्नस आहे, हें त्या काळीं छायाचित्रकार जाणून होते.

मग स्वयंचलित फोकस आला आणि पडद्याचें काम पालटलें. स्वयंचलित फोकसाचा मापक कॅमेऱ्याच्या तळाशीं असतो. मुख्य आरशामागें दडलेला एक छोटा आरसा त्याच्याकडे प्रकाश पाठवितो. वरच्या पडद्याचा त्या व्यवहाराशीं संबंधच येत नाहीं. पोरांचे फोटो लख्ख येत याचें अर्धें कारण हें. उरलेलें अर्धें असें कीं, त्यांच्या भिंगाचें तोंड मुळांतच लहान, त्यामुळें स्पष्ट येणारा पट्टा रुंद. आतां फोकस यंत्रानेंच करावयाचा म्हटल्यावर पडद्याकडून अपेक्षा एकच उरली, ती म्हणजे चित्र उजळ दिसावें. म्हणून नवे पडदे फार कमी धुरकट करतात. ते उजळ दिसतात खरे, पण भिंगाचें तोंड एफ १.४ इतकें उघडें असलें तरी असा पडदा साधारणतः एफ २.८ च्या तोंडाचेंच चित्र दाखवितो. जेथें चित्र धुरकट व्हावयाचें तेथेंहि तें डोळ्यास स्पष्टच भासतें. कोपऱ्यांतील हिरवा ठिपका फोकस जुळल्याची खूण देतो. परंतु भिंग थोडें पुढेंमागें फिरविलें तरी तो पेटलेलाच राहतो, आणि त्याच्याकडे पाहावें तों चेहऱ्यावरचें लक्ष सुटतें, अशी काकांची तक्रार होती. ती खोटी नव्हती.

एवढें कळल्यावर आम्ही काकांकडे गेलों आणि म्हटलें, "काका, डोळ्यांची परीक्षा झाली, आतां कॅमेऱ्याची घेऊं." ते हंसले, पण उठले. प्रथम डोळा लावण्याच्या जागेजवळची लहान चकती फिरवून पडद्यावरील खुणा त्यांना स्वच्छ दिसतील अशी जुळवून घेतली. ही पायरी वगळली तर पुढची सर्व परीक्षा फुकट जाते. मग जेवणाच्या मेजावर पांच काड्यापेट्या तिरक्या ओळींत, एकीमागें एक चार चार सेंटिमीटरांवर, मांडल्या. कॅमेरा तिकटीवर, मधल्या पेटीपासून एक मीटरवर. काकांनीं दर वेळीं भिंग पूर्ण फिरवून, नव्यानें मधल्या पेटीवर फोकस करून दहा चित्रें घेतलीं. तीन जमलीं, चार मागें गेलीं, तीन पुढें आलीं. नंतर कॅमेऱ्याच्या पाठीवरील पडद्यावर सेन्सरचेंच चित्र दहापट मोठें करून, चष्मा लावून, त्यांनीं तसाच फोकस करून आणखी दहा घेतलीं. दहाच्या दहा अचूक आलीं.

त्या दहा चित्रांकडे काका पुष्कळ वेळ पाहत बसले. हात तेच, डोळे तेच, भिंग तेंच. बदलला होता तो फक्त पाहण्याचा मार्ग. "म्हणजे मी चुकत नव्हतों," असें ते हळूच म्हणाले. तें आम्हांस उद्देशून होतें असें वाटलें नाहीं.

पुढें मापाप्रमाणें कापलेला, मध्यभागीं दुभंगलेलें वर्तुळ असलेला एक पडदा मागविला. त्याची युक्ति मोठी सुंदर आहे. वर्तुळाच्या दोन अर्धांत कांचेच्या दोन पाचरी एकमेकींच्या उलट उताराच्या बसविलेल्या असतात. चित्र बरोबर पडद्याच्या पातळीवर पडलें तर उभी रेघ अखंड दिसते. जरा पुढें-मागें पडलें कीं वरचा तुकडा एकीकडे आणि खालचा दुसरीकडे सरकतो. धुरकटपणा ओळखण्यापेक्षां तुटलेली रेघ ओळखण्याची आपल्या डोळ्याची शक्ति कित्येक पट सूक्ष्म आहे. १६३१ सालीं पिएर व्हर्निए या फ्रेंच गणितज्ञानें प्रसिद्ध केलेली आणि कॉलेजांत सर्वांनीं हाताळलेली मोजपट्टी याच शक्तीवर चालते. चौकटीची कड, मूर्तीच्या मुकुटाची रेघ, पापणीची कड, कोठें तरी एक रेघ सांपडली कीं काम झालें.

पडदा बसविण्याचें काम काकांनींच केलें. भिंग काढून, कॅमेऱ्याचें तोंड खालीं धरून, आरशाच्या वरची लहान तारेची चौकट चिमट्यानें सोडविली. जुना पडदा खालीं येतांच तो कडेस असलेल्या टोंकास धरून उचलला व नवा त्याच जागीं ठेवून चौकट पुन्हां अडकविली. पडद्याच्या पृष्ठभागास बोट लावावयाचें नाहीं, कापडानें पुसावयाचें नाहीं. धूळ दिसली तर रबरी फुग्याच्या वाऱ्यानेंच उडवावयाची, एवढें पथ्य. तो प्लास्टिकचा असतो. एकदां ओरखडा उठला म्हणजे जन्मभर डोळ्यांपुढें राहतो.

पुन्हां काड्यापेट्या मांडल्या, पुन्हां दहा चित्रें. या वेळीं गंमत अशी झाली कीं, दहाहि चित्रांत स्पष्ट आली ती मधल्या पेटीमागची पेटी. घरांतलीं मुलें हिरमुसलीं. काका मात्र खूष झाले. "ही चूक शहाणी आहे," ते म्हणाले. "सगळीकडे पळणाऱ्या चुकीला औषध नाहीं, एकाच बाजूला जाणाऱ्या चुकीला आहे." आणि तें खरेंच होतें. फोकस नेमानें मागें जातो याचा अर्थ पडदा आरशापासून किंचित् दूर, वर बसला आहे. पडद्याच्या वरच्या बाजूस बसणाऱ्या पातळ चौकटी वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात. एक घातली तेव्हां चूक निम्म्यावर आली; तिच्या जागीं थोडी जाड घातली तेव्हां मधली पेटी दहांत नऊ वेळां स्पष्ट आली. फोकस नेमानें पुढें येत असता तर उलट पातळ चौकट घालावी लागली असती.

या पडद्याचे तोटेहि सांगितले पाहिजेत. भिंगाचें तोंड एफ ५.६ हून लहान असलें कीं दुभंगलेल्या वर्तुळाचा एक अर्ध काळा पडतो. म्हणून पोरांच्या दूरदर्शी भिंगाबरोबर तो निरुपयोगी ठरतो. डोळ्यास दिसणारें चित्रहि पूर्वींपेक्षां थोडें मंद आहे. प्रकाशमापनांत, विशेषतः मध्यबिंदूवरून उजेड मोजतांना, फरक पडतो. कांहीं कॅमेऱ्यांत पडदा बदलल्याची नोंद आंतल्या यादींत करावी लागते. आणि ज्यांच्याजवळ हल्लींचे बिनआरशाचे कॅमेरे आहेत त्यांना या उपद्व्यापाची मुळींच गरज नाहीं. त्यांत डोळ्यास दिसतें तें सेन्सरचेंच चित्र असतें, आणि तें हवें तेवढें मोठें करून पाहतां येतें. जुन्या भिंगावर व जुन्या रीतीवर ज्यांचा जीव आहे त्यांच्यापुरतीच ही गोष्ट.

त्यानंतर काका दोनदां लोणारास जाऊन आले. पाडव्याचा फोटो त्यांनींच काढला. आजीचाहि निघाला. त्यांत तिच्या डोळ्यांभोंवतींची एकेक सुरकुती मोजून घ्यावी इतकी स्पष्ट आहे आणि बाहुलींत तुळशीवृंदावनाची इवलीशी पांढरी खूण दिसते. तो पाहून आजी म्हणाली, "अगो बाई, एवढी म्हातारी झालें होय मी! आधींचा धुरकट फोटोच बरा होता." काकांनीं तो धुरकट फोटोहि जपून ठेवला आहे.

या प्रकरणापासून आमच्या घरांत एक लहानशी शिस्त पडली आहे. वडील माणसाचें एखादें काम बिघडूं लागलें म्हणजे वयाचें नांव घेण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहावयाच्या. तोच मनुष्य दुसऱ्या साधनानें तेंच काम नीट करतो काय? चूक सगळीकडे पळते, कीं एकाच बाजूस जाते? आणि जें साधन त्याच्या हातीं दिलें आहे, तें मुळांत त्याच्या रीतीसाठीं घडविलेलें आहे काय? आजोबांस मोबाईलवरचें बटण सांपडत नाहीं, काकूंची भाकरी नव्या शेगडीवर फुगत नाहीं, अशा कित्येक तक्रारींत हे तीन प्रश्न उपयोगी पडतात, असा आमचा अनुभव आहे. कधीं उत्तर असेंहि येतें कीं दोष खरोखरच वयाचा आहे. तें आलें तर तेंहि मान्य करून पुढचा उपाय योजावा. वार्धक्य हा कांहीं गुन्हा नव्हे. परंतु परीक्षा आधीं अंगणाची व्हावी. अंगणाला ओळंबा लावण्यास फार तर एक दुपार लागते. आणि अंगण सरळ करणें पुष्कळदां कागदभर जाडीचें काम असतें.